वासरांची ढास पुन्हा पुन्हा का येते? रक्ताला नेमकं काय विचारायचं

तक्रार ओळखीची आहे. वासराला ताप आला, नाकातून शेंबूड सुरू झाला, डॉक्टरांनी तीन दिवस इंजेक्शनं दिली, वासरू परत दूध प्यायला लागलं. पंधरवड्यात तेच किंवा शेजारचं वासरू पुन्हा ढासायला लागतं. औषध बदलतं, आणखी महाग येतं, तेही आठवडाभर लागू पडल्यासारखं वाटतं. हिवाळा सरेपर्यंत एखाददुसरं वासरू दगावतं. वाचलेल्या कालवडींपैकी काही अंगाने भरत नाहीत, माजावर उशिरा येतात. मग कोणीतरी म्हणतं, एकदा रक्त तपासून बघा.

रक्त तपासायला हरकत काहीच नाही. अडचण अशी की नमुना काढताना कुणालाच ठाऊक नसतं, रक्ताला विचारायचं काय. तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबमधून छापील कागद येतो. त्यात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, कधी सीआरपी, कधी ईएसआर (माणसाच्या अंगातला दाह, म्हणजे आतली सूज, शोधायच्या दोन चाचण्या). यातले काही आकडे गाईच्या जातीत निरुपयोगी असतात, काही चुकीच्या वयात मोजलेले असतात, आणि जो आकडा कामाचा असतो तो बहुतेक वेळा मोजलेलाच नसतो. शेवटी कागद घडी करून खिशात जातो आणि पुन्हा तेच इंजेक्शन.

खाली लिहिलंय ते संकरित होल्स्टिन आणि जर्सी वासरांचा गोठा डोळ्यांपुढे ठेवून. गीर, खिल्लार किंवा म्हशीच्या रेडकांना तत्त्व तेच लागू होतं, पण यातले बरेचसे आकडे होल्स्टिन वासरांवरून ठरलेले आहेत, तेव्हा तिथे ते जरा सैल हाताने वापरा.

आधी वय लिहून काढा

सुई टोचण्याआधी एक वही घ्या. गेल्या वर्षभरात ढासलेल्या प्रत्येक वासरापुढे लिहा: पहिल्यांदा आजारी पडलं तेव्हा वय किती होतं, महिना कुठला, कुठे बांधलेलं होतं, पहिला चीक किती तासांनी मिळाला, शेवटी किती दिवस औषध चाललं. निम्मं निदान या वहीत होतं, आणि तिला पैसे पडत नाहीत.

पहिल्या दोन आठवड्यांत आजार येत असेल तर संशय चिकावर, नाळेवर आणि पाजण्याच्या पद्धतीवर. आडवं धरून बाटलीने किंवा नळीने घशात औषध ओतताना ठसका लागला की ते फुफ्फुसात उतरतं, आणि त्यातून होणारा फुफ्फुसदाह (न्यूमोनिया) कुठलंही इंजेक्शन सहजी बरा करत नाही. तीन ते आठ आठवड्यांच्या वासरांत आजार येत असेल तर ती वेळच नाजूक असते: चिकातून मिळालेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) ओसरत आलेली, स्वतःची अजून पुरेशी तयार न झालेली. दूध तोडल्यावर, म्हणजे अडीच-तीन महिन्यांनी लाट येत असेल तर वेगवेगळ्या वयाची वासरं एकत्र सोडण्याकडे बघा. आणि काष्टीच्या किंवा लोणीच्या बाजारातून, नाहीतर पंजाब-हरियाणातून ट्रकने आणलेल्या जनावरांनंतर आठ-पंधरा दिवसांत लाट येत असेल तर उत्तर ट्रकमधूनच आलेलं असतं.

प्रत्येक वयाला रक्ताची तपासणी वेगळी. हे न पाळल्यामुळेच बहुतेक रिपोर्ट वाया जातात.

पहिला आठवडा: चीक अंगी लागला का?

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण वारंवार येणाऱ्या ढाशीचं मूळ इथे सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त आणि तपासणी सगळ्यात स्वस्त.

गाईच्या जाराची रचनाच अशी आहे की गाभण असताना आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वासरापर्यंत पोचत नाहीत. वासरू जवळपास त्यांच्याशिवायच जन्मतं. जी काही मिळायची ती चिकातून, आणि तीही आतड्याचं दार उघडं आहे तोवर. पहिल्या चार-सहा तासांत ती भरपूर शोषली जातात, नंतर प्रमाण घसरत जातं आणि सुमारे २४ तासांत दार बंद होतं. त्यानंतर पाजलेला चीक पोटाला चांगला, पण रक्तात प्रतिपिंडं म्हणून तो उतरत नाही.

हे काम झालं की नाही ते रक्तातल्या एकूण प्रथिनांवरून कळतं. वासरू एक ते सात दिवसांचं असताना रक्त काढायचं, गोठू द्यायचं, वर सुटलेल्या पिवळसर पाण्याचा, म्हणजे सिरमचा, एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून वाचायचं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये यासाठी चार पायऱ्या मांडल्या: ६.२ ग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त म्हणजे उत्तम, ५.८ ते ६.१ चांगलं, ५.१ ते ५.७ जेमतेम, आणि ५.१ च्या खाली म्हणजे चीक वाया गेला. त्यामागचा खरा आकडा आयजीजी या प्रतिपिंडाचा: लिटरला १० ग्रॅमच्या खाली नापास, २५ च्या वर उत्तम.

रिफ्रॅक्टोमीटर कुठून आणायचा, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी पडू नये. ऊस तोडीला आला का, द्राक्षात गोडी किती भरली, हे बघायला जो ब्रिक्स मीटर वापरतात तोच इथे चालतो. सिरमचा ब्रिक्स ९.४ किंवा वर असेल तर उत्तम, ८.१ च्या खाली असेल तर धोका. फक्त काच स्वच्छ हवी, आणि साध्या पाण्यावर आधी शून्य जुळवून घ्यायला हवं. उसाचा रस लागलेल्या काचेवर वासराचं रक्त मोजलं तर सगळीच वासरं उत्तम ठरतील.

तेही जमत नसेल तर एक आडवाट आहे. चिकात जीजीटी नावाचं विकर भरपूर असतं, आणि चीक पचून अंगी लागला की पहिल्या काही दिवसांत ते वासराच्या रक्तात खूप वाढलेलं दिसतं. माणसांच्या लॅबमध्ये यकृताच्या तपासणीत जीजीटी रोज मोजतात. पहिल्या आठवड्यातल्या वासराचं जीजीटी ५० युनिटच्या खाली आलं तर चीक लागलेला नाही असं धरायला हरकत नाही. लॅबवाला कदाचित शेकड्यातला आकडा बघून घाबरेल आणि यकृताचा आजार आहे म्हणेल. त्या वयाच्या वासरात तो आकडा बघून आपण खूश व्हायचं असतं.

दोन ठिकाणी फसगत होते. हगवण लागून सुकलेल्या वासरात पाणी कमी झाल्यामुळे प्रथिनांचा आकडा फुगतो, तेव्हा अशा वासरावरून निष्कर्ष काढू नका. दुसरी फसगत जास्त होते: दीड महिन्याच्या ढासणाऱ्या वासराचं एकूण प्रथिन ६.८ आलं, म्हणून "प्रतिकारशक्ती उत्तम आहे" असा अर्थ लावला जातो. त्या वयात वासराने स्वतःची प्रतिपिंडं बनवायला सुरुवात केलेली असते आणि चालू आजारातही रक्तातली काही प्रथिनं वाढतात. चिकाचा हिशोब पहिल्या आठवड्यातच तपासावा लागतो, नंतर तो पुसला जातो.

एका वासराचा आकडा गोठ्याबद्दल फार सांगत नाही. पुस्तकात बारा वासरं तपासा म्हणतात, आणि त्यातली दोन-तीन नापास झाली तर दोष गोठ्याच्या पद्धतीत आहे असं धरतात. पाच-सहा गाईंच्या गोठ्यात एका आठवड्यात बारा वासरं कुठून येणार? तिथे वर्षभर जन्मणाऱ्या प्रत्येक वासराचा आकडा वहीत लिहीत जा. गावातल्या चार-पाच दूध उत्पादकांनी मिळून एक मीटर घेतला तरी काम भागतं.

आकडे कमी येत असतील तर कारणं मोजकी: चीक उशिरा, थोडा, किंवा पातळ. उशिराचं कारण अजूनही बऱ्याच गोठ्यांत तेच आहे, जार पडल्याशिवाय धार काढायची नाही. जार पडायला आठ-बारा तास सहज लागतात, आणि तोवर वासराची शोषून घेण्याची ऐन मोक्याची वेळ तासातासाने निघून जाते. उलट धार काढली, वासरू कासेला लागलं, की गर्भाशय आकुंचन पावायला मदतच होते. जुन्या माणसांशी यावर वाद घालण्यापेक्षा दोन वासरांचे आकडे शेजारी ठेवून दाखवणं सोपं पडतं. कितीच्या बाबतीत, वासराच्या वजनाच्या दहा टक्के पहिल्या दोन तासांत: ३० किलोच्या वासराला ३ लिटर. बारा तासांच्या आत आणखी दीड लिटर. पातळपणासाठी पुन्हा तोच ब्रिक्स मीटर. चीक २२ किंवा वर भरला तर लिटरला सुमारे ५० ग्रॅम प्रतिपिंडं आहेत असं समजा. आटवायला वेळ न मिळालेल्या किंवा व्यायच्या आधीच धार गळणाऱ्या गाईचा चीक दिसायला पिवळा असूनही पातळ भरतो. रंगावर जाऊ नका.

चांगल्या गाईचा जास्तीचा पहिला चीक एक-एक लिटरच्या बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवता येतो. वापरताना ५० अंशांच्या आतल्या कोमट पाण्यात बाटली बुडवून वितळवायचा. गॅसवर ठेवला तर प्रतिपिंडं नासतात आणि भांड्यात खरवस उरतो. खरवसाचं म्हणाल तर घरच्यांना दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा द्या, पहिली धार वासराची.

आत्ता फुफ्फुसात दाह आहे का?

वरचं सगळं पाया कसा घातला ते सांगतं. समोर उभ्या असलेल्या दोन महिन्यांच्या, किंचित मलूल, अधूनमधून ढासणाऱ्या वासराला खरंच औषधाची गरज आहे का, हा प्रश्न वेगळा. याला उत्तर देणारी प्रथिनं यकृत बनवतं आणि शरीरात कुठेही दाह पेटला की ती रक्तात चढतात.

गाईच्या जातीत त्यातलं सगळ्यात बोलकं हॅप्टोग्लोबिन. निरोगी वासरात ते जवळपास सापडतच नाही, लिटरला ०.१ ग्रॅमच्याही खाली असतं, आणि जिवाणूंचा फुफ्फुसदाह झाला की शंभर पटींपर्यंतही चढू शकतं. सुरुवात एक-दोन दिवसांत, शिखर तीन ते पाच दिवसांच्या सुमाराला. सीरम अमायलॉइड ए त्याहून लवकर, काही तासांतच वर जातं, पण किरकोळ त्रासातही वर जातं, त्यामुळे ते थोडं उतावळंच म्हणायला हवं. हॅप्टोग्लोबिनचा खरा उपयोग एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांत आहे: उपचार सुरू करताना एक आणि काही दिवसांनी दुसरा. औषध लागू पडलं तर तो उतरणीला लागलेला दिसतो. ताप उतरला, वासरू पितंय, पण हॅप्टोग्लोबिन चढंच राहिलं, तर आजार आत शिल्लक आहे आणि पंधरवड्यात ढास परत येणार, असा अंदाज बांधता येतो.

तापाचं थर्मामीटर इथेच फसवतं. इंजेक्शनासोबत मेलोक्सिकॅम दिलं की काही तासांत ताप उतरतो आणि मालकाला वाटतं रोग गेला. ताप उतरणं हे त्या औषधाचं काम, फुफ्फुस मोकळं झाल्याचा तो पुरावा नव्हे. (जाता जाता: जनावरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ पासून आणि केटोप्रोफेन व ॲसेक्लोफेनॅक २०२३ पासून आपल्या देशात बंद आहेत, गिधाडांच्या जिवावर उठतात म्हणून. माणसांच्या दुकानातून कुणी आणून दिलं तरी नको.)

हॅप्टोग्लोबिनची मर्यादा मोठी आहे. ते दाह सांगतं, जागा सांगत नाही. नाळ पिकली, हगवण लागली, शिंगं जाळली, गोऱ्हा खच्ची केला, लांबचा प्रवास झाला, तरी ते वाढतं. निव्वळ विषाणूच्या आजारात ते बेताचंच वाढू शकतं. शिवाय नमुना काढताना रक्तपेशी फुटून सिरम लालसर झालं तर त्याच्या एका नेहमीच्या चाचणीचा आकडा बिघडतो, कारण हे प्रथिन मुळात मोकळ्या हिमोग्लोबिनलाच चिकटतं. तालुक्याच्या लॅबमध्ये हे सहजासहजी होत नाही, पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारावं लागतं. आणि माणसांच्या किटवर करून घेऊ नका, ते गाईचं प्रथिन भरवशाने ओळखेलच असं नाही.

हाताशी असलेली तपासणी म्हणजे फायब्रिनोजेन. ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घ्यायचं, त्यातून दोन बारीक काचनळ्या भरून सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवायच्या. एकीतल्या प्लाझ्माचं, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर राहिलेल्या पातळ भागाचं, प्रथिन तसंच मोजायचं. दुसरी ५६ अंशांच्या पाण्यात तीन मिनिटं धरून पुन्हा फिरवायची आणि मग मोजायचं. उष्णतेने फायब्रिनोजेन खाली बसतं, म्हणून दोन आकड्यांतला फरक म्हणजे फायब्रिनोजेन. निरोगी जनावरात ते डेसिलिटरला ३०० ते ७०० मिलिग्रॅम असतं, त्याच्या वर गेलं तर दाह. मीटरवरची एक रेघ चुकली तर शंभर-दोनशेचा फरक पडतो, तेव्हा ही पद्धत ढोबळ आहे हे मान्य. सुकलेल्या वासरात घोटाळा टाळायला प्लाझ्मातल्या एकूण प्रथिनाला फायब्रिनोजेनने भागा: दोन्ही एकाच एककात घेऊन उत्तर दहाच्या खाली आलं तर खरा दाह, पंधराच्या वर गेलं तर नुसतं पाणी कमी झालंय. मला विचाराल तर दवाखान्यात सेंट्रिफ्यूज असलेल्या प्रत्येक डॉक्टरांनी ही चाचणी हातात बसवून घ्यावी.

आता सीआरपी आणि ईएसआर. माणसात सीआरपी वाढलं की डॉक्टर सावध होतात. गाईच्या जातीत सीआरपी हे दाहाचं मुख्य प्रथिन नाहीच, त्यामुळे रिपोर्टात ते "नॉर्मल" आलं म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही. ईएसआर तर त्याहून निकामी. गाईच्या तांबड्या पेशी माणसाच्या किंवा घोड्याच्या पेशींसारख्या एकमेकींवर रचल्या जात नाहीत, त्यामुळे तासाभरात नळीत जवळपास काहीच खाली बसत नाही. या दोन्हींचे पैसे वाचवा.

पांढऱ्या पेशींचा कागद

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, उपयोगी आहे, पण माणसाची नजर लावून वाचली तर उलटा अर्थ निघतो. मोठ्या गाईत पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला साधारण ४,००० ते १२,००० असतात आणि त्यांच्या प्रकारांपैकी लिम्फोसाइट जास्त, न्यूट्रोफिल कमी. माणसात उलट असतं. नुकत्या जन्मलेल्या वासरात मात्र न्यूट्रोफिल जास्त असतात आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत पारडं फिरतं. म्हणून पाच दिवसांच्या वासराचे न्यूट्रोफिल ६० टक्के दिसले म्हणून घाबरायचं नाही, आणि तीन महिन्यांच्या कालवडीत तेच दिसलं तर दुर्लक्ष करायचं नाही.

जोरदार जिवाणू संसर्गाच्या पहिल्या दिवस-दीड दिवसात गाईच्या रक्तात न्यूट्रोफिल वाढण्याऐवजी घटतात. अस्थिमज्जेत साठा थोडा, आणि असलेल्या पेशी फुफ्फुसाकडे धावतात. मग कच्च्या पेशी रक्तात दिसू लागतात. "पांढऱ्या पेशी कमी आहेत, म्हणजे इन्फेक्शन नाही" असं कुणी म्हणालं तर हे आठवा. ही अवस्था उलट जास्त गंभीर असते.

दुसरं, ताण. ट्रकमधून उतरवलेल्या, दोऱ्याने ओढलेल्या, तासभर उन्हात बांधलेल्या वासराच्या रक्तात न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) घटतात. फायब्रिनोजेन सोबत वाढलेलं नसेल तर तो ताणाचाच परिणाम असण्याची शक्यता जास्त. इओसिनोफिल भरपूर वाढलेले असतील, ताप नसेल, ढास जुनी असेल आणि वासरं ओल्या कुरणात चरायला जात असतील, तर फुफ्फुसातल्या जंतांसाठी ताजं शेण तपासायला पाठवा.

लॅबमधलं यंत्र माणसाच्या रक्तासाठी जुळवलेलं असतं. त्याने मोजलेल्या टक्क्यांवर विसंबू नका. काचपट्टी करून, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली, डोळ्यांनी मोजून द्या, असं स्पष्ट सांगा.

न्यूमोनिया समजून गोचीड तापाला इंजेक्शन

वारंवार "परत येणाऱ्या" न्यूमोनियातली काही वासरं मुळात न्यूमोनियाची नसतात. संकरित वासरांत गोचीड ताप, म्हणजे थायलेरिया या गोचिडांतून येणाऱ्या रक्तातल्या परजीवीचा आजार, आपल्याकडे सर्रास आढळतो. ताप १०५-१०६, धाप, नाकातून पाणी, खाणंपिणं बंद. बाहेरून बघितलं तर अगदी फुफ्फुसदाह, आणि शेवटच्या टप्प्यात फुफ्फुसात खरंच पाणी भरतं. अँटिबायोटिकने ताप थोडा हलल्यासारखा वाटतो आणि मग पुन्हा चढतो.

पुढच्या पायाच्या वर, खांद्यासमोर हात फिरवा. तिथली लसिका गाठ लिंबाएवढी किंवा मोठी लागली, अंगावर किंवा कानात गोचीड दिसले, डोळ्यांची आतली बाजू फिकट असली, तर काचपट्टी करायलाच हवी. कानाच्या टोकाच्या रक्ताची पट्टी करता येते, गाठीतून सुईने काढलेला नमुना आणखी चांगला. याचं औषध वेगळं आहे, आणि ते लवकर दिलं तरच काम करतं. ढासणाऱ्या वासराची रक्ताची काचपट्टी न बघता तिसरं अँटिबायोटिक सुरू करणं मला पटत नाही.

प्रतिपिंडांच्या चाचण्या

आयबीआर, बीव्हीडी, आरएसव्ही या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं मोजून घ्या, असा सल्ला मिळतो. दोन महिन्यांच्या वासरात ती सापडली तर ती आईच्या चिकातूनही आलेली असू शकतात. अर्थ लागायचा तर आजाराच्या सुरुवातीला एक आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा असे नमुने एकाच वेळी तपासून चौपट वाढ दिसली पाहिजे. त्यातून गोठ्यात काय फिरतंय ते कळतं, त्या वासराच्या उपचाराला तोवर उशीर झालेला असतो.

याला एक अपवाद. आईच्या पोटात पहिल्या काही महिन्यांतच बीव्हीडीची लागण झालेलं वासरू जन्मभर विषाणू सोडत राहतं आणि बाकीच्यांची प्रतिकारशक्ती खचवत राहतं. एकाच गोठ्यात ढास, हगवण, गर्भपात आणि खुरटी वासरं हे सगळं सोबत असेल तर या विषाणूचा, प्रतिपिंडांचा नव्हे, शोध घ्या. तीन महिन्यांखालच्या वासरात चिकातली प्रतिपिंडं रक्ताच्या काही चाचण्यांत अडथळा आणतात, तिथे कानाच्या कातडीचा तुकडा जास्त भरवशाचा.

आणि घटसर्पाची लस. "लस टोचलीय, तरी ढास का?" हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. घटसर्प करणारा पाश्चुरेला हा जिवाणू बी प्रकारचा, वासरांच्या नेहमीच्या फुफ्फुसदाहातला बहुधा ए प्रकारचा. नाव एक असलं तरी त्या लशीकडून ढाशीपासून संरक्षणाची अपेक्षा धरू नये. पावसाळ्यापूर्वी ती द्यायचीच, पण घटसर्पासाठी.

आकडे चांगले, तरी ढास

पहिल्या आठवड्यातली प्रथिनं उत्तम, काचपट्टी स्वच्छ, तरी वासरं ढासतात. मग दोन गोष्टी उरतात: औषधाची पद्धत आणि हवा.

तीन-पाच दिवसांचा कोर्स दोन इंजेक्शनांवर तोडला की आजार दबतो, जात नाही. उशिरा सुरू झालेल्या उपचारात फुफ्फुसाचा तुकडा घट्ट होऊन बसतो आणि तिथे औषध नीट पोचत नाही. गाभण तपासायचं सोनोग्राफी यंत्र असलेल्या डॉक्टरांना तोच प्रोब वासराच्या बरगड्यांमध्ये लावायला सांगा. एक सेंटिमीटरहून मोठा घट्ट भाग दिसला तर वासरू बाहेरून बरं दिसलं तरी आतून नाही. रक्ताची शंका आणि सोनोग्राफीची जागा, या दोन्हींची जोडी एकेकटीपेक्षा कितीतरी चांगली. ढाशीसोबत एक कान पडलेला, मान तिरकी, सांधा सुजलेला असेल तर मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संशय घ्या. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन आणि सेफ्टिओफर ही अँटिबायोटिकं त्याच्यावर चालतच नाहीत.

हवेचं म्हणाल तर निफाडकडे पारा दहाच्या खाली गेला की गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री आणि पोत्यांचे पडदे लागतात. ऊब राहते, पण मुताचा अमोनियाही आतच राहतो आणि श्वासनलिकेतलं नाजूक अस्तर जाळतो. उभं राहून वास घेऊ नका. वासराच्या नाकाच्या उंचीवर, खाली बसून पाच मिनिटं थांबा. डोळे चुरचुरले तर पडद्याचा वरचा हातभर भाग उघडा ठेवा. वाऱ्याचा झोत वासराच्या अंगावर येऊ नये, पण वरून हवा निघून जायला हवी. खाली गुडघे टेकून बघा, लेंगा ओला झाला तर भुस्सा किंवा पाचट बदलायची वेळ झाली.

नमुना पाठवताना

रक्त मानेच्या शिरेतून डॉक्टरांकडूनच काढून घ्या. लाल झाकणाची नळी सिरमसाठी, ती हलवायची नाही, उभी ठेवून गोठू द्यायची. जांभळ्या झाकणाची नळी सीबीसी आणि फायब्रिनोजेनसाठी, ती आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीपालटी करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात. काचपट्टी तिथल्या तिथेच ओढून वाळवा. नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवा, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठलं की रक्त वाया. चिठ्ठीवर वासराचं वय दिवसांत, तापमान, आधी दिलेली औषधं आणि ती कधी दिली हे लिहा. औषधाआधीचा नमुना असेल तर तसं ठळक लिहा. एकाच आजारी वासराऐवजी नुकती ढासायला लागलेली दोन-तीन आणि शेजारचं एक-दोन निरोगी वासरू, असा संच पाठवला तर तुलना करता येते. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातून पुण्याच्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे किंवा शिरवळ, परळ, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे काय पाठवायचं, ते आधी फोन करून विचारा. कुठली नळी, किती तासांत, हे त्यांचं त्यांचं ठरलेलं असतं.

चिकाची पद्धत बदलली असेल तर त्याचा परिणाम आत्ता ढासणाऱ्या वासरांवर दिसणार नाही. बदलानंतर जन्मलेल्या वासरांचे पहिल्या आठवड्याचे आकडे वेगळ्या पानावर लिहा, आणि ती वासरं दोन-तीन महिन्यांची होईपर्यंत त्यांच्यापुढे ढाशीची नोंद करत राहा.